बारा ते तीन बंद

‘ज्ञानाचा प्रकाश जितका अधिक, तितकी वाढ अधिक’ असं आमच्या कॉलेजच्या दर्शनी भिंतीवर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं आहे. हे वाक्य कोणाचं, ते कोणालाच माहीत नाही. संस्थेच्या अध्यक्षांचं असावं असं समजून आम्ही त्याच्याकडे आदराने पाहतो. त्या भिंतीखाली टेबलावर चार फूट लांबीची काचेची टाकी आहे. तिच्यात मासे आहेत, पण ती माशांसाठी नाही, पाण्यातल्या झाडांसाठी आहे. या टाकीपुरतं तरी वरचं वाक्य साफ चुकीचं आहे, असं मला शालिक मनवर यांनी सांगितलं. माणसांच्या बाबतीत ते बरोबर आहे का, असं मी विचारलं.

“माणसाईचं मले नाही माहीत, सर,” ते म्हणाले. “माणसं मी मोजले नाहीत.”

मनवरकाका आमच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. नेरसारख्या तालुक्याच्या गावातलं कॉलेज म्हटलं की परिचराने काचा पुसाव्या, बेडकांचे नमुने मोजून ठेवावे, प्राध्यापक रजेवर असले की प्रात्यक्षिकही घ्यावं, अशी साधारण अपेक्षा असते. काका ते सगळं करत. अंगाने बारीक, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली, मनगटावर सेकंदकाटा असलेलं घड्याळ उलट्या बाजूला बांधलेलं. त्यांना काहीही विचारलं की ते आधी “थांबा” म्हणत आणि खरोखरच थांबत. चहा घेता का, या प्रश्नालाही ते थांबत. मी राज्यशास्त्र शिकवतो. उत्तर देण्याआधी विचार करणारा माणूस माझ्या विषयात फारसा भेटत नाही, म्हणून मोकळ्या तासाला मी त्यांच्या प्रयोगशाळेत जाऊन बसू लागलो.

टाकीचा जन्म सोयीतून झाला. बारावीच्या प्रात्यक्षिकात एक जुना प्रयोग असतो. हायड्रिला नावाच्या पाणवनस्पतीची फांदी पाण्यात ठेवायची, वर काचेचं नरसाळं पालथं घालायचं आणि भांडं उजेडात ठेवायचं. फांदीतून बुडबुडे निघतात. तो प्राणवायू. मुलं ते मोजतात, तक्ता भरतात, मार्क मिळाले की हायड्रिला विसरतात. ही हायड्रिला दरवर्षी तलावातून आणावी लागे आणि परीक्षेच्या दिवसांत तलाव नेमका आटलेला असे. तेव्हा काकांनी भंगारात निघालेली गळकी टाकी मागून घेतली, तिचे सांधे बुजवले, तळाशी नदीची वाळू घातली आणि हायड्रिला लावली. डास होऊ नयेत म्हणून आरोग्य केंद्राच्या हौदातले गप्पी मासे आणून सोडले. मग लांब हिरव्या फितीसारख्या पानांची आणखी एक वनस्पती आणली. असं करत करत टाकीत एक रान उभं राहिलं. पाहुण्यांना दाखवण्यासारखं दुसरं काही नसल्यामुळे प्राचार्यांनी ती टाकी प्रयोगशाळेतून उचलून प्रवेशदालनात आणली आणि स्वतःच्या भाषणात तिचा ‘आमचा जैवविविधता प्रकल्प’ असा उल्लेख सुरू केला. काका तिला टाकी म्हणत आणि झाडांना ‘हे लोक’.

दालनात खिडकी नाही. म्हणजे सगळा उजेड दिव्याचा. आणि दिवा कोणता, हा प्रश्न काकांनी ज्या गांभीर्याने घेतला तितक्या गांभीर्याने आमच्याकडे प्राध्यापकांची निवडही होत नाही.

एकदा मी त्यांच्यासोबत बाजारात विजेच्या दुकानात गेलो होतो. काकांच्या पिशवीत लोणच्याची रिकामी बरणी होती. बरणीत पाणी, पाण्यात हायड्रिलाची फांदी, फांदीवर छोटं नरसाळं. दुकानदार बब्बूभाईंनी त्यांना पाहून नोकराला सांगितलं, “स्टूल दे रे काकाले. आता हे तासभर उठत नाहीत.”

काकांनी बरणी काउंटरवर ठेवली. बब्बूभाईंनी एक पिवळा दिवा लावला. काकांनी घड्याळ वर केलं, मिनिटभर मोजलं आणि मान हलवली. “हा लग्नाचा उजेड हाय. नवरी चांगली दिसते याच्यात. ह्या लोकाईच्या पोटात काही जात नाही.” मग निळी पट्टी लावली. तिच्याकडे त्यांनी मोजण्याआधीच पाठ केली. “हे कटिंगच्या दुकानातलं.” शेवटी साधी पांढरी ट्यूब लागली. खोक्यावर उजेडाच्या रंगाचा पासष्टशे हा आकडा होता. काका मिनिटभर फांदीकडे पाहत राहिले. बुडबुडे एकामागून एक, दोऱ्यात ओवल्यासारखे वर येत होते.

“एकवीस,” काका म्हणाले. “हा दुपारचा उजेड. हे चालते.”

“काका, तुम्ही दिवा विकत घेऊन राह्यले का त्याची परीक्षा घेऊन राह्यले?” बब्बूभाई म्हणाले. “मी इतकी चौकशी पोरीच्या सोयरिकीत नाही केली.”

“मंग करा लागत होती ना,” काका शांतपणे म्हणाले. बब्बूभाई हसले, पण जरा उशिरा.

गिऱ्हाइकांपैकी एकाने जास्त वॅटची ट्यूब घ्यायचा सल्ला दिला. काका थांबले. मग म्हणाले, “वॅट म्हंजे बिल, भाऊ. झाडाले बिल कळत नाही. त्याले उजेडाचा रंग पायजे, आणि किती वेळ ते पायजे.” ट्यूबचं खोकं त्यांनी नीट घडी करून पिशवीत ठेवलं. प्रयोगशाळेच्या कपाटात अशी कितीतरी खोकी होती, प्रत्येकावर पेन्सिलीने बुडबुड्यांचा आकडा. प्रबंधांची संदर्भसूची यापेक्षा कमी विश्वासाची असते, हे मी दोन-तीन प्रबंध वाचून सांगू शकतो.

ट्यूब त्यांनी टाकीवर घट्ट बसवली नाही. छताच्या हुकाला दोन दोऱ्या बांधून ती टांगली. दोऱ्यांना ठरावीक अंतरावर गाठी होत्या. नवी झाडं लावली की ट्यूब दोन गाठी वर जाई, ती रुजली की एक गाठ खाली. उजेड कमी-जास्त करणारं बटण मिळतं, असं भौतिकशास्त्राच्या सरांनी त्यांना सांगून पाहिलं. “दोरी हाय ना,” काका म्हणाले, आणि त्या विषयावर पुढे काही बोलण्यासारखं उरलं नाही.

राहिला प्रश्न किती वेळ याचा. तो काकांनी सोडवला नव्हता. तो वीजवाल्यांनी सोडवला होता. आमच्या भागात रोज दुपारी बारा ते तीन वीज जायची. कॉलेज नऊला उघडे, ट्यूब लागे, बाराला विझे, तीनला परत लागे आणि सहाला चौकीदार मेन स्विच बंद करी. म्हणजे सहा तास उजेड आणि मध्ये सुट्टी. गावाने त्या तीन तासांना शिव्या दिल्या, पण टाकीतलं पाणी आरशासारखं राहिलं. मधल्या सुट्टीत झाडं पोटातलं पचवतात आणि शेवाळाची मात्र उपासमार होते, असं काकांचं म्हणणं. पुस्तकांचं याबद्दल एकमत नाही. काकांचंही पुस्तकांशी नव्हतं.

“तुमचा टायमर चांगला आहे,” मी एकदा म्हणालो.

“माह्या टायमर सबस्टेशनात हाय, सर,” ते म्हणाले. “त्याले चावीबी द्या लागत नाही.”

पुढे कॉलेजला मूल्यांकन समिती येणार असं ठरलं, आणि आमच्याकडे प्रगती सुरू झाली. भिंती रंगल्या. फायली रंगल्या. वीज जाऊ नये म्हणून मोठा इन्व्हर्टर आला आणि अध्यक्षसाहेबांनी नारळ फोडून त्याचं उद्घाटन केलं. त्याच समारंभात त्यांनी टाकीकडे पाहिलं आणि म्हणाले, “इतक्या मोठ्या हॉलमध्ये हा काय मिणमिणता उजेड? समितीला दिसायला नको?” आठ दिवसांत त्यांच्याकडून एक फ्लडलाइट आला. तो मैदानावर लावण्याच्या जातीचा होता.

इथे मला मनवरकाकांबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी त्यांच्या निरोप समारंभात कोणी सांगितली नाही. हा दिवा त्यांनी नाकारला नाही. त्यांनी आपली बरणी आणली, फ्लडलाइटखाली ठेवली आणि अध्यक्ष, प्राचार्य आणि निम्मा स्टाफ सभोवती उभा असताना बुडबुडे मोजले. मोजताना त्यांचा चेहरा बदलत गेला. “चौसष्ट,” ते म्हणाले. आयुष्यात त्यांना तिसाच्या वर आकडा मिळाला नव्हता. अध्यक्षांनी विचारलं, “कसा आहे?” आणि मनवरकाका त्या दिवशी थांबले नाहीत. “फर्स क्लास, साहेब,” ते लगेच म्हणाले. अध्यक्षांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. परिचराच्या खांद्यावर हात ठेवलेला फोटो दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या ग्रुपवर फिरला.

मग दिवा लागला, तो विझेचना. वीज गेली तरी इन्व्हर्टर होता. तयारीच्या गडबडीत कॉलेज आता सकाळी आठला उघडे, आणि तेव्हापासून रात्री चौकीदार झोपेपर्यंत दालन लग्नाच्या मांडवासारखं उजळलेलं असे. पहिले आठ दिवस झाडं अशी वाढली की काका येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवत. नंतर पानांच्या कडांवर हिरवट लव दिसू लागली. तिसऱ्या आठवड्यात हिरवे केस सगळ्या पानांना लपेटून बसले आणि पाणी पालकाच्या भाजीसारखं झालं. मासे आहेत की नाहीत, हे कानाने ओळखावं लागेल अशी वेळ आली. समिती यायला दहा दिवस होते.

प्राचार्यांनी काकांना बोलावलं. मी काही सही घ्यायला तिथेच होतो. टेबलावर एक खोकं होतं, त्यात अमरावतीहून आणलेली प्लास्टिकची झाडं आणि तोंडातून हवा सोडणारा प्लास्टिकचा पाणबुड्या.

“मनवर, पाच दिवस देतो,” प्राचार्य म्हणाले. “पाणी स्वच्छ दिसलं पाहिजे. नाही तर टाकी रिकामी करायची, धुवायची, आणि हे लावायचं. मला समितीपुढे डबकं नको आहे.”

काका थांबले. “पाच दिवसांत होईन, साहेब. पण लाइट मी म्हणन तसं लागन.”

“अध्यक्षांनी दिलेला दिवा आहे तो. काढला तर त्यांना काय सांगू?”

“ते मी सांगन.”

बाहेर आल्यावर मी विचारलं, “झालं काय, काका? तुम्ही तर मोजलं होतं.”

“मोजलं ना. तेच तं चुकलं.” ते चालत राहिले. प्रयोगशाळेच्या दारात आल्यावर म्हणाले, “एका मिन्टाचं मोजलं, सर. ह्या लोकाईले पुरा दिवस काढा लागते. चौसष्ट पाह्यलं आन् माह्यं डोस्कं फिरलं. एवढे मोठे लोक पाहून राह्यले होते नं.”

त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि दिवसभर हाताने शेवाळाचे पुंजके काढले. निम्मं पाणी बदललं. फ्लडलाइट उतरवला. मासे गुदमरू नयेत म्हणून हवेचा पंप लावला. मग प्रकाशाचे प्रयोग करतात त्या खोलीतला काळा पडदा आणून टाकीला चारी बाजूंनी आणि वरून गुंडाळला. “चार दिवस अंधार,” ते म्हणाले. “झाडाच्या मुळाशी शिदोरी असते. शेवाळापाशी नसते. जे उपाशी राहू शकते ते वाचन.”

“आणि दोन्ही मेली तर?”

“तं प्लास्टिक हाय ना,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे न पाहता बोलले.

त्या चार दिवसांत ते दालनातून जाताना टाकीकडे मान वळवत नसत. पडदा वर करून पाहण्याचा मोह मला झाला होता. मी हात लावला तेव्हा मागून आवाज आला, “सर, पोटातलं लेकरू पाहाले दार उघडते का कोणी?” मी हात काढून घेतला.

तिसऱ्या दिवशी अध्यक्षसाहेब तयारी पाहायला आले. दालनात शिरताच त्यांना सोनेरी वाक्याखाली काळ्या कापडाचा गठ्ठा दिसला. गेल्याच वर्षी प्राध्यापकांनी काळ्या फिती लावून काम केलं होतं, ती आठवण अजून ताजी होती. साहेबांचा चेहरा आवळला. प्राचार्य पुढे धावले, पण साहेबांचा प्रश्न आधी पोचला.

“हा कोणाचा निषेध आहे?”

मनवरकाका खांबामागून पुढे आले. थांबले. म्हणाले, “उजेडाचा, साहेब.”

काका पुढे बोलले, नेहमीच्याच आवाजात, “तुमचा लाइट चांगला हाय. मैदानाचा हाय तो. मोजणारा चुकला. मी फर्स क्लास म्हणलं, ते माह्यं चुकलं. ह्या लोकाईले दिवसाला सहा घंटे पुरते, मधात सुट्टी पायजे. आपण त्याईले चवदा घंटे जेवाले बसवलं.”

अध्यक्षांना आयुष्यात बऱ्याच लोकांनी ‘तुमचं चुकलं’ हे आडून सांगितलं असेल. ‘माझं चुकलं’ असं सरळ सांगणारा माणूस त्यांना बहुधा नवा होता आणि त्यावर काय करायचं असतं, ते त्यांना ठाऊक नसावं. “मैदानावर लावा मग तो,” ते शेवटी म्हणाले. “व्हॉलीबॉलला होईल.” तिथे तो खरोखर उपयोगी पडला.

पाचव्या दिवशी सकाळी काकांनी पडदा काढला. मी आणि प्राचार्य दोघेही उभे होतो, प्राचार्यांच्या शेजारी ते खोकं. हायड्रिला निम्मी गळली होती. फितीसारखी पानं फिकट झाली होती, पण ताठ होती. हिरवे केस करडे होऊन तळाशी पडले होते. पाण्यातून पलीकडची भिंत दिसत होती, आणि एक गप्पी मासा काचेशी येऊन आमच्याकडे पाहत होता. काकांनी जुनी ट्यूब दोरीला बांधली, तीन गाठी वर ओढली आणि बटण दाबलं. प्राचार्यांनी खोकं उचलून आत नेलं. आमच्याकडे संमती अशीच मिळते.

आता इन्व्हर्टरमुळे दुपारी वीज जात नव्हती, म्हणून बाराला ट्यूब विझवायचं आणि तीनला लावायचं काम काकांनी स्वतःकडे घेतलं. त्यासाठी ते जेवण अर्धं टाकून उठत.

समिती आली त्या दिवशी ती दालनात पोचली तेव्हा बाराला पाच मिनिटं कमी होती. समितीचे अध्यक्ष उंच, मृदू बोलणारे गृहस्थ होते. टाकीपुढे थांबून ते म्हणाले, “वा. हल्ली प्लास्टिकची झाडं किती हुबेहूब मिळतात.” प्राचार्यांना हे कौतुक आहे की तक्रार, याचा अंदाज येईना. त्यांनी सावधपणे स्मित केलं. मी काकांकडे पाहिलं. काका घड्याळाकडे पाहत होते. बारा वाजले. त्यांनी दोन पावलं पुढे येऊन, समितीच्या अध्यक्षांच्या कोपराखालून हात घालून, बटण बंद केलं. टाकी काळोखी झाली.

“वीज गेली का?” त्या गृहस्थांनी विचारलं.

“नाही, साहेब. ह्या लोकाईचं जेवण झालं.”

“कोणाचं? माशांचं?”

“झाडाईचं.”

ते गृहस्थ वाकले आणि अंधाऱ्या पाण्यात निरखून पाहू लागले. एका पानावर अजून एक बुडबुडा चिकटलेला होता. तो सुटला आणि वर गेला. त्यांनी सरळ होऊन प्राचार्यांकडे पाहिलं, मग काकांकडे, आणि सगळे जेवायला गेले.

अहवालात ‘उत्तम प्रथा’ या सदराखाली विजेच्या काटकसरीबद्दल कॉलेजची प्रशंसा झाली. झाडांचा उल्लेख नाही. प्राचार्यांनी लगेच परिपत्रक काढलं, आणि तेव्हापासून कार्यालयातले दिवेही रोज बारा ते तीन बंद असतात. बाबूलोक अंधारात बसून इन्व्हर्टरचा आवाज ऐकतात.

काका त्यानंतर वर्षभरात निवृत्त झाले. स्टाफने निरोपाची भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ ठरवलं होतं. काकांना कळल्यावर ते थांबले आणि म्हणाले, “मले घड्याळ नोका देऊ. टाकीले टायमर द्या. माह्यानंतर कोण उठन जेवणावरून?” बब्बूभाईंनी टायमर आणून दिला आणि काकांनी तो आदल्या दिवशी स्वतः लावला.

समारंभ दुपारी दोनला सुरू झाला. शाल झाली, श्रीफळ झालं. काकांना व्यासपीठावर अध्यक्षांच्या शेजारी बसवलं होतं. वरची गुंडी लावलेली, शाल मांडीवर, हात शालीवर. अध्यक्षसाहेब बोलायला उठले आणि सेवाभाव या विषयावर गेले. तीनला पाच मिनिटं कमी असताना काका उठले. पाणी प्यायला जात असतील, असं सगळ्यांना वाटलं. मी दाराजवळ बसलो होतो, म्हणून मागोमाग निघालो.

ते दालनात टाकीपुढे उभे होते, हात मागे बांधून. बटणाला त्यांनी हात लावला नाही. मीही लांबच थांबलो. तीन वाजले आणि ट्यूब आपोआप लागली. काकांनी घड्याळ पाहिलं, मग पाण्याकडे पाहिलं. मिनिटभर ते तसेच उभे राहिले. मोजत होते की नाही, ते मला पाठीवरून कळलं नाही. मग त्यांनी काचेवरचा एक डाग शालीच्या टोकाने पुसला आणि सभागृहाकडे न वळता फाटकाच्या दिशेने निघाले. माझ्याजवळून जाताना एवढंच म्हणाले, “लागलं, सर. बराबर लागलं.”

काकांना घरी नेणारी सव्वातीनची दारव्ह्याची गाडी त्या दिवशी वेळेवर होती. अध्यक्षसाहेबांचं भाषण पावणेचारला संपलं.